पाळीचा त्रास दिसायला एकच, आतली गडबड वेगवेगळी: जीन एक्स्प्रेशन बघून नेमकं काय कळतं?

पाळीची तक्रार घेऊन बायका गायनॅककडे जातात तेव्हा बोलायला वाक्यं तीन-चारच असतात. अंगावरून खूप जातंय, ओटीपोटात असह्य दुखतं, पाळी दोन-दोन महिने येतच नाही, मधेच डाग पडतात. बास. ह्या तीन-चार वाक्यांच्या मागे किती वेगवेगळे आजार असू शकतात ह्याची बहुतेकींना कल्पनाच नसते, कारण कुणी नीट बसून सांगितलेलं नसतं. मग डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडून सीएसटीला नोकरीला येणारी बाई महिन्यातले ते चार दिवस दोन पॅड एकावर एक लावून, गडद रंगाचा कुर्ता घालून, लेडीज डब्यात दांड्याला धरून तास-सव्वा तास उभी राहते, हिमोग्लोबिन आठवर आलेलं असतं, जिना चढताना धाप लागते, आणि एवढं होऊन सोनोग्राफीचा रिपोर्ट येतो "नॉर्मल". नॉर्मल रिपोर्ट हातात पडला की घरचे म्हणतात चला, काही नाहीये. मला लिहायचंय ते ह्या "काही नाहीये"बद्दलच, कारण काहीतरी असतं, फक्त सोनोग्राफीच्या मशीनला ते दिसत नाही.

आधी थोडं कारणांबद्दल. फिगो ही स्त्रीरोगतज्ज्ञांची जागतिक संघटना, तिने २०११ मध्ये जास्त किंवा अनियमित रक्तस्रावाची कारणं नऊ गटांत मांडून दिली आणि आज जगभरचे डॉक्टर तीच मांडणी वापरतात. पहिले चार गट स्कॅनवर किंवा मायक्रोस्कोपखाली दिसणारे: पॉलिप (अस्तरावर वाढलेला कोंब), अ‍ॅडिनोमायोसिस (अस्तराच्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं), फायब्रॉइडच्या गाठी, आणि कॅन्सर किंवा त्याच्या आधीची स्थिती. उरलेल्या पाचात रक्त नीट न गोठणं आहे, स्त्रीबीज वेळेवर न सुटणं आहे, औषधांमुळे किंवा आत बसवलेल्या कॉपर-टीमुळे होणारा त्रास आहे, कशातच न बसणारा एक गट आहे, आणि एक गट आहे खुद्द अस्तराच्या बिघाडाचा. म्हणजे गर्भाशय वरून एकदम ठीक, गाठ नाही, हॉर्मोन ठीक, रक्त गोठतंय, पण आतलं अस्तर जसं वागायला पाहिजे तसं वागत नाहीये. आणि हे निदान कसं होतं माहितीये? बाकी सगळं नाही असं ठरलं की जे उरतं ते हे. त्याची स्वतःची अशी टेस्टच नाही. जीन एक्स्प्रेशनचा सगळा खटाटोप मुख्यतः ह्या रिकाम्या जागेसाठी चाललाय.

आता जीन एक्स्प्रेशन म्हणजे काय. आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो, डोळ्यातल्या पेशीतही तोच आणि गर्भाशयातल्या पेशीतही तोच. प्रोटीन कसं बनवायचं ही माहिती असलेली साधारण २०,००० जीन्स त्यात असतात. पण एका वेळी सगळी चालू नसतात. स्टेशनवर एक छापील टाइमटेबल असतं आणि एक इंडिकेटर असतो ना, तसं धरा. टाइमटेबल म्हणजे डीएनए, ते बदलत नाही. इंडिकेटर सांगतो आत्ता, ह्या मिनिटाला, कुठली गाडी लागलीये, कुठली लेट आहे, कुठली रद्द. नेहमीची जेनेटिक टेस्ट टाइमटेबल वाचते, जीन एक्स्प्रेशनची टेस्ट इंडिकेटर वाचते. हा फरक डोक्यात पक्का बसला की पुढचं सगळं सोपं जातं.

इंडिकेटर वाचायचा कसा? जीन चालू होतं तेव्हा त्याच्या आरएनए नावाच्या कॉप्या निघतात, त्या कॉप्या वाचून पेशी प्रोटीन बनवते. कॉप्या जास्त म्हणजे जीन जोरात चालू, कॉप्या नाहीत म्हणजे बंद. तर शास्त्रज्ञ अस्तराचा छोटासा तुकडा घेतात, त्यातला आरएनए वेगळा काढतात आणि कुठल्या जीनच्या किती कॉप्या आहेत ते मोजतात. पूर्वी एका वेळी एक-दोन जीन्स बघता यायची. १९९५ मध्ये स्टॅनफर्डमध्ये काचेच्या पट्टीवर ठिपके मारून एकदम ४५ जीन्स मोजून दाखवली, तीही एका छोट्या झाडाची, आणि त्या वेळी ते मोठं वाटलं होतं. त्यालाच मायक्रोअ‍ॅरे म्हणतात. २००८ च्या आसपास आरएनए सीक्वेन्सिंग आलं, त्यात सगळी वीस हजार एका दमात. आणि २००९ पासून एकेका पेशीचा आरएनए वेगळा वाचता यायला लागला, त्याच्याबद्दल पुढे बोलते, ती खरी मोठी गोष्ट आहे.

ही पद्धत गर्भाशयासाठी इतकी कामाची का, तर गर्भाशयाचं अस्तर इतकी उलाढाल करतं की विचारू नका. पाळी संपली की इस्ट्रोजेन वाढतं, त्याबरोबर पेशी वाढवणारी जीन्स चालू, अस्तर जाड व्हायला लागतं. मग स्त्रीबीज सुटतं, प्रोजेस्टेरॉन वाढतं, आणि तीच जीन्स बंद होऊन दुसरीच चालू होतात, आता वाढायचं नाहीये, आता गर्भ आला तर त्याला धरून ठेवायची तयारी करायचीये. गर्भ आला नाही तर प्रोजेस्टेरॉन खाली येतं आणि हे खाली येणं हाच पाळीचा सिग्नल. अस्तराला धरून ठेवणारी जाळी विरघळवणारी एन्झाइम्स तयार होतात, बारीक रक्तवाहिन्या आवळतात, वरचा थर गळतो, आणि गळत असतानाच खालच्या थरातून दुरुस्ती सुरू होते, तीसुद्धा व्रण न ठेवता. आयुष्यात साधारण चारशे वेळा. ह्यातल्या प्रत्येक पायरीवर शेकडो जीन्स वर-खाली होतात आणि कुठल्याही पायरीवर गडबड झाली तरी बाहेरून दिसणार काय, तर जास्त जातंय किंवा दुखतंय. म्हणून बाहेरून बघून पायरी ओळखता येत नाही.

दुखण्याचंच बघा. प्रोजेस्टेरॉन खाली आलं की कॉक्स-टू नावाचं एन्झाइम बनवणारं जीन जोरात चालू होतं, त्यातून प्रोस्टाग्लँडिन तयार होतं, त्याने गर्भाशयाचा स्नायू आवळतो आणि कळा येतात. मेफेनामिक अ‍ॅसिडसारखी पाळीतली वेदनाशामक गोळी हेच एन्झाइम अडवते. म्हणून ती कळा शिगेला पोचल्यावर घेण्यापेक्षा सुरुवातीलाच घेतली तर जास्त चालते, कारण एकदा प्रोस्टाग्लँडिन बनून बसलं की गोळी ते परत घेऊ शकत नाही. आपल्याकडे मुली "सहन होतंय तोवर गोळी नको" म्हणून दुपारपर्यंत थांबतात, आया-आज्यांनी तसंच शिकवलेलं असतं, आणि मग म्हणतात गोळीचा काही उपयोग नाही. डॉक्टरांना विचारून वेळ ठरवून घ्या, अ‍ॅसिडिटी, किडनी किंवा अ‍ॅलर्जीचा त्रास असेल तर आधी सांगा.

आता जास्त जाण्याबद्दल, ज्यात मला सगळ्यात आशा वाटते. एडिंबरामधल्या टीमचं २०१८ मध्ये छापून आलेलं काम आहे. पाळीत रक्तवाहिन्या आवळल्या की अस्तराला थोडा वेळ ऑक्सिजन कमी पडतो. ऐकायला हे वाईट वाटतं, पण तोच दुरुस्तीचा बटण दाबणारा सिग्नल असतो. ऑक्सिजन कमी झाला की एचआयएफ-वन नावाचं प्रोटीन टिकून राहतं आणि ते नव्या रक्तवाहिन्या आणि जखम भरणारी जीन्स चालू करतं. त्यांनी उंदरांमध्ये हा ऑक्सिजन कमी होऊच दिला नाही तर अस्तर भरून यायला उशीर झाला. आणि ज्या बायकांना खरंच खूप जातं त्यांच्या अस्तरात हे प्रोटीन कमी सापडलं. म्हणजे काही जणींचं रक्त जास्त जातं ते नळ जोरात सुटलाय म्हणून नव्हे, तर बंद व्हायला वेळ लागतोय म्हणून. हे कळल्यावर इलाजाचा विचारच बदलतो, नुसतं हॉर्मोन देऊन अस्तर पातळ करण्याऐवजी दुरुस्ती लवकर कशी सुरू होईल असा प्रश्न विचारता येतो. अजून ते औषध बाजारात नाही, पण प्रश्न बरोबर आहे.

हे वाचताना मला सारखं बीड आठवतं. २०१९ मध्ये तिथल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची प्रकरणं बाहेर आली, राज्य सरकारला समिती नेमावी लागली. पंचविशी-तिशीतल्या बायका, तक्रार अंगावरून जाण्याची किंवा पोटात दुखण्याची, आणि उत्तर एकच, पिशवी काढा. त्यात गरिबी होती, बुडणारी मजुरी होती, पैशासाठी घाबरवणारे डॉक्टर होते, हे सगळं खरं, ते काही जीन एक्स्प्रेशनने सुटणार नाही. पण नेमकं कारण काय हे विचारायची पद्धतच नसली की सरसकट उत्तर देणं सोपं जातं, आणि हे फक्त बीडमध्ये होतं असं समजू नका. मुंबईतल्या सोसायट्यांमध्येही "मूल झालंय ना, मग काढून टाका" हे बायका आजही ऐकून येतात.

एन्डोमेट्रिओसिसकडे येते. ह्यात गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशी गर्भाशयाच्या बाहेर, अंडाशयावर, आतड्याजवळ, पोटाच्या पडद्यावर वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात १९ कोटी बायका-मुलींना, म्हणजे पाळीच्या वयातल्या साधारण दहातल्या एकीला हा आजार आहे, आणि निदान व्हायला कित्येक वर्षं जातात कारण खात्रीसाठी बऱ्याचदा दुर्बिणीचं ऑपरेशन लागतं. १९२७ मध्ये सॅम्पसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने सांगितलं की पाळीचं रक्त थोडं नळ्यांतून उलटं पोटात जातं आणि तिथे पेशी रुजतात. पण हे उलटं जाणं तर बहुतेक सगळ्याच बायकांमध्ये होतं! मग रुजतं ठरावीक जणींमध्येच का? जीन एक्स्प्रेशनच्या अभ्यासातून ह्याचं निम्मं-अर्धं उत्तर मिळालंय. एक म्हणजे ह्या बायकांच्या अस्तराला प्रोजेस्टेरॉनचं म्हणणं नीट ऐकूच येत नाही. हॉर्मोन रक्तात आहे, रिपोर्ट नॉर्मल आहे, पण त्याच्या सांगण्यावरून जी जीन्स चालू व्हायला पाहिजेत, उदाहरणार्थ हॉक्स-ए-टेन, ती पुरेशी होत नाहीत. दुसरं, बाहेर रुजलेल्या त्या डागांमध्ये अ‍ॅरोमाटेज नावाचं जीन चालू सापडतं जे निरोगी अस्तरात जवळपास बंद असतं. अ‍ॅरोमाटेज म्हणजे इस्ट्रोजेन बनवायचं यंत्र. म्हणजे तो डाग स्वतःचं खाद्य स्वतः बनवतो. म्हणून डायनोजेस्टसारख्या प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या गोळ्या एका मैत्रिणीला एकदम लागू पडतात आणि दुसरीला सहा महिने घेऊनही फरक नाही, आणि त्या दुसरीला "तू गोळ्या नीट घेत नसशील" असं म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

पीसीओएसचं, म्हणजे स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही, पुरुषी हॉर्मोन वाढतं त्या त्रासाचं, तर मुंबईचंच उदाहरण आहे. परळला केईएमच्या जवळ आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुलींमध्ये पीसीओएस किती आहे ते मोजलं, २०१४ मध्ये छापून आलं. रॉटरडॅमच्या नियमाने, म्हणजे निदानाच्या एका प्रचलित व्याख्येने मोजलं तर २२.५ टक्के, दुसऱ्या, कडक नियमाने मोजलं तर १०.७ टक्के. मुली त्याच! नियम बदलला की आजारी मुलींचा आकडा निम्म्यावर येतो, ह्याचा अर्थ ह्या एका नावाखाली आपण वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्यात. २०२० मध्ये जेनेटिक अभ्यासातून दोन गट वेगळे दिसायला लागले, एकीत वजन आणि इन्सुलिनची गडबड जास्त, दुसरीत अंडाशय आणि मेंदूतून येणाऱ्या हॉर्मोनची. जीन एक्स्प्रेशनच्या बाजूने २०१४ मध्ये डेन-डी-वन-ए (DENND1A) नावाच्या जीनचं कळलं, त्याची एक वेगळी कापलेली कॉपी पीसीओएसवाल्या बायकांच्या अंडाशयातल्या पेशीत जास्त निघते, आणि निरोगी पेशीत ती मुद्दाम जास्त केली तर त्या पेशीही पुरुषी हॉर्मोन जास्त बनवायला लागतात. हनुवटीवरचे केस आणि पिंपल्स ह्यांच्या मागे बसलेलं हे यंत्र आहे, मुलीला "वडापाव कमी खा" सांगून ते बंद होणार नाही. वजन उतरवल्याने फायदा होतो हे खरंच आहे, पण सगळा दोष तिच्या खाण्यावर टाकणं चूक. परळच्याच संस्थेने पीसीओएसशी जोडलेल्या पाचशेहून जास्त जीन्सचा एक खुला डेटाबेसही बनवलाय, जगात कुणालाही वापरता येतो, आपल्याकडे फारसं कुणाला माहीतही नसतं.

फायब्रॉइडबद्दल थोडक्यात: साधारण ७० टक्के गाठींमध्ये मेड-ट्वेल्व्ह नावाच्या एकाच जीनमध्ये बदल सापडतो, उरलेल्यांत दुसरे बदल, आणि प्रत्येक प्रकारच्या गाठीत चालू-बंद जीन्सचा नमुना वेगळा असतो. सोनोग्राफीवर सगळ्या गोलच दिसतात.

एवढं सगळं कळतंय तर मग लॅबमध्ये जाऊन टेस्ट का करून घेता येत नाही? इथे मला जरा सावकाश सांगायचंय कारण मी स्वतः परळच्या एका लॅबमध्ये आरएनएवर काम केलंय आणि आकडे कुठून येतात ते हाताने बघितलंय. आरएनए फार नाजूक. डीएनए टिकतो, हाडातून हजारो वर्षांनी काढता येतो, आरएनए खायला मात्र एन्झाइम्स टपलेली असतात, आपल्या हातावर असतात, टेबलावर असतात. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बर्फाचा डबा घेऊन उभं राहायचं, आतून सिस्टर अस्तराचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा ट्रेमध्ये देणार, तो चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्यात रक्त धुवून लगेच प्रिझर्व्ह करणाऱ्या द्रावणात टाकायचा. मध्ये एखादं अर्जंट सिझेरियन आलं आणि तुकडा मे महिन्याच्या गरमीत ट्रेमध्येच अर्धा तास राहिला तर तो गेला. दिसायला तसाच, पण आतल्या कॉप्या तुटलेल्या, आणि तुटलेल्या कॉप्या मोजल्या तर मशीन आकडा देतंच, मशीन कधी नाही म्हणत नाही. मग लॅबमध्ये गुलाबी रंगाच्या रिएजंटमध्ये तो कुटायचा, क्लोरोफॉर्म घालून फिरवायचा, वर जो पारदर्शक थर येतो त्यात आरएनए असतो, तो अलगद पिपेटने उचलायचा, खालचा पांढरट थर हलला की सगळं खराब. शेवटी ट्यूबच्या तळाशी जे जमतं ते बऱ्याचदा डोळ्यांना दिसतही नाही, नुसत्या विश्वासावर अल्कोहोलने धुवायचं.

पण नाजूकपणापेक्षाही मोठी अडचण आहे तारखेची. अस्तरातली जीन्स दिवसागणिक बदलतात हे वर सांगितलं. म्हणजे एका निरोगी बाईचा, पाळी आल्यापासून मोजलेल्या आठव्या दिवसाचा तुकडा आणि त्याच बाईचा बाविसाव्या दिवसाचा तुकडा ह्यांच्यातला फरक हा बऱ्याचदा निरोगी आणि आजारी बाईतल्या फरकापेक्षा मोठा असतो. आता अभ्यासात आजारी बायका योगायोगाने विसाव्या दिवसाच्या जास्त आल्या आणि निरोगी दहाव्या दिवसाच्या, तर शेकडो जीन्स वेगळी निघतील आणि त्यातलं एकही आजाराचं नसेल. जुन्या अभ्यासांत हे खूप झालंय, म्हणून एकाची यादी दुसऱ्याशी जुळत नाही. त्यात ज्यांची पाळीच अनियमित आहे त्यांचा "बाविसावा दिवस" म्हणजे नेमकं काय? अस्तर मायक्रोस्कोपखाली बघून दिवस ठरवायची रीत १९५० ची आहे, ती अजून वापरतात, आणि दोन तज्ज्ञांचं एका तुकड्यावर एकमत होईलच असं नाही. आता उलटं करतात, जीन्सच्याच नमुन्यावरून अस्तर खरं कितव्या दिवसावर आहे ते आधी ठरवतात आणि मग आजार शोधतात, ते जास्त पटतं. आणि ह्या सगळ्या महागड्या यंत्रणेची सुरुवात मात्र पेशंटच्या घरी कालनिर्णयवर पेनाने केलेल्या टिंबापासून होते. "ताई, शेवटची पाळी कधी आली होती?" ह्याचं उत्तर "गणपतीच्या आसपास" आलं तर पुढचं लाखाचं सीक्वेन्सिंग डळमळीत.

आकड्यांचाही एक सापळा आहे. वीस हजार जीन्स तपासली आणि प्रत्येकासाठी पाच टक्के चुकीची मुभा ठेवली तर काहीही फरक नसताना एक हजार जीन्स "वेगळी" निघतात, निव्वळ योगायोगाने. त्यासाठी गणितात दुरुस्ती करतात, चांगल्या अभ्यासात ती केलेली असते. म्हणून बारा बायकांवरच्या अभ्यासातून "पाळीच्या आजाराचं जीन सापडलं" अशी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर लगेच फॉरवर्ड करू नका.

आणि एक अडचण होती ती म्हणजे तुकड्यात सगळ्या प्रकारच्या पेशी एकत्र असतात. ग्रंथीच्या, आधार देणाऱ्या, रक्तवाहिन्यांच्या, प्रतिकारशक्तीच्या. सगळं कुटून आरएनए काढला की कुठलं जीन कुठल्या पेशीत वाढलं कळत नाही, आणि कधीकधी जीन वाढलेलंच नसतं, ते ज्या पेशीत असतं त्या पेशींची संख्या वाढलेली असते. एकेका पेशीचा आरएनए वेगळा वाचायची पद्धत आल्यावर हे सुटायला लागलं. २०२४ मध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा एक मोठा नकाशा छापून आला, ६३ बायका, तीन लाखांहून जास्त पेशी, एन्डोमेट्रिओसिस असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही. त्यात दिसलं की आधार देणाऱ्या पेशी आणि मॅक्रोफाज नावाच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी ह्यांच्यातलं आपसातलं बोलणं एन्डोमेट्रिओसिसमध्ये बिघडलेलं असू शकतं. आधीच्या वीस वर्षांत कुटलेल्या तुकड्यांतून हे दिसणं शक्यच नव्हतं.

आता पैशाची गोष्ट, कारण मुंबईत आयव्हीएफ सेंटरांची काही कमी नाही. अस्तरातली २३८ जीन्स मोजून आयव्हीएफचा गर्भ गर्भाशयात कुठल्या दिवशी सोडायचा हे सांगणारी एक टेस्ट २०११ पासून चर्चेत आली आणि जगभर विकली गेली, आपल्याकडेही. कल्पना चांगली होती, वर सांगितलेल्या तारखेच्याच शास्त्रावर उभी होती. पण २०२२ मध्ये जामा ह्या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये कुठली बाई कुठल्या गटात हे नीट चिठ्ठ्या टाकून ठरवलेला अभ्यास आला, त्यात टेस्टप्रमाणे दिवस ठरवलेल्या बायकांमध्ये बाळ जन्माला आलं ५८.५ टक्के आणि नेहमीच्या दिवशी गर्भ सोडलेल्यांमध्ये ६१.९ टक्के. म्हणजे फायदा नाहीच. ज्या जोडप्यांनी आधीच दागिने गहाण टाकलेत त्यांच्या बिलात अशी टेस्ट वाढवताना हा आकडा त्यांना सांगायलाच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. जीन्स मोजता येणं वेगळं आणि त्या मोजण्याने पेशंटचं भलं होणं वेगळं.

तुकडा न काढता काही करता येईल का, ह्यावरही काम चाललंय. न्यूयॉर्कमधल्या एका गटाने पाळीचं रक्तच सॅम्पल म्हणून घ्यायला सुरुवात केली, बायका घरीच कपमध्ये किंवा खास पॅडवर जमा करून पाठवतात. २०२२ च्या त्यांच्या अभ्यासात एन्डोमेट्रिओसिसवाल्या बायकांच्या पाळीच्या रक्तात गर्भाशयातल्या नॅचरल किलर पेशी कमी दिसल्या आणि बी पेशी जास्त, दोन्ही प्रतिकारशक्तीच्याच पेशी. मला हे वाचून फार बरं वाटलं. जे आपण कागदात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, कुणाला दिसू नये म्हणून कचऱ्यात खाली दाबतो त्यात गर्भाशयाची एवढी माहिती असते, आणि ती घ्यायला ना भूल लागते ना दुर्बीण. फ्रान्समध्ये लाळेतल्या १०९ बारीक आरएनएवर आधारलेली एन्डोमेट्रिओसिसची टेस्ट आलीये, तिथल्या यंत्रणेने २०२४ मध्ये तिला अटी घालून, अजून माहिती गोळा करा असं सांगून वाट करून दिली. दोन्ही ठिकाणी मोठ्या प्रमाणावर सिद्ध व्हायचंय.

आणि सिद्ध होताना त्यात आपल्या बायका असल्या पाहिजेत. २०२३ मध्ये एन्डोमेट्रिओसिसचा आजवरचा मोठा जेनेटिक अभ्यास आला, साठ हजारांहून जास्त आजारी बायका, डीएनएवर ४२ जागा सापडल्या. त्या सगळ्या बायका युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या. आता ह्या जागा बऱ्याचशा जीनच्या आत नसतात, जीन किती जोरात चालवायचं ते ठरवणाऱ्या भागात असतात, म्हणजे शेवटी प्रश्न एक्स्प्रेशनवरच येतो, आणि आपल्या बायकांच्या अस्तरात त्यांचा काय परिणाम होतो हे दुसऱ्यांच्या डेटावरून कसं कळणार? रक्त कमी असणं, लवकर लग्न, लवकर बाळंतपण, टीबी, हे सगळं आपल्याकडे वेगळं आहे, गर्भाशयाचा टीबी तर परदेशातल्या अभ्यासांत जवळपास नसतोच. भारतातल्या बायकांची एन्डोमेट्रिओसिसची क्लिनिकल आणि जेनेटिक माहिती गोळा करायचं काम परळच्या त्याच संस्थेच्या पुढाकाराने देशभर सुरू झालंय.

तोवर आज काय करायचं, तर "पाळीची जीन टेस्ट" म्हणून कुणी पॅकेज विकत असेल तर पैसे घालवू नका. खूप जात असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, सोनोग्राफी हे करून घ्या, आणि पहिल्या पाळीपासूनच खूप जात असेल किंवा दात काढल्यावर रक्त थांबत नसेल तर रक्त गोठण्याची तपासणी मुद्दाम मागा, ही तपासणी फार वेळा राहून जाते. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडची रक्तस्राव कमी करणारी गोळी किंवा गर्भाशयात बसवायचं हॉर्मोन सोडणारं साधन असे पर्याय पिशवी काढायच्या आधी नक्की विचारा, आणि पिशवीच काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. कधी एखाद्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये संशोधनासाठी अस्तराचा तुकडा किंवा पाळीचं रक्त द्याल का असं विचारलं तर घाबरू नका, संमतीपत्र मराठीत मागून घ्या, नाव गुप्त राहणार का, नंतर नाही म्हणता येईल का, रिपोर्ट मिळणार का हे विचारा, बहुतेक वेळा रिपोर्ट मिळत नाही. आणि शेवटच्या दोन-तीन पाळ्यांच्या खऱ्या तारखा सांगा, गेल्या तीन महिन्यांत पाळी पुढे ढकलायची गोळी, आय-पिल, किंवा कुठलंही हॉर्मोन घेतलं असेल तर तेही सांगा, सणासाठी किंवा पूजेसाठी घेतली म्हणून लपवू नका, कारण त्या गोळीने अस्तरातली शेकडो जीन्स बदललेली असतात आणि ते माहीत नसेल तर तुमचा तुकडा चुकीच्या गटात मोजला जातो.